भिंतीपलीकडची वाट

मुलुंडला थंडी डोंगराकडून येते. सकाळी गॅलरीचं दार उघडलं, की मागच्या झाडीवरून उतरलेली हवा आधी पावलांना लागते. सुकल्या पानांचा, दंवाने भिजलेल्या मातीचा आणि कुणीतरी कुठेतरी पेटवलेल्या कचऱ्याचा असा मिसळलेला वास येतो. परवा तो वास आला. इमारतीतल्या बायका खुशीत होत्या, कपाटातल्या शाली बाहेर निघाल्या होत्या. मला मात्र तो एक हिवाळा आठवला. काही वर्षं झाली त्या हिवाळ्याला, पण दर खेपेला थंडी पडली की तो माझ्याकडे परत येतो, आणि मी हातातलं काम ठेवून उगाच डोंगराकडे बघत राहते.

आमची सोसायटी अगदी डोंगराच्या पायथ्याशी. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे थेट जंगल. भिंतीत एक भगदाड होतं. ते कुणी पाडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हाही ते होतंच. वाकून पलीकडे गेलं, की एक पायवाट गवतातून वर चढायची, कारवीच्या दाट जाळीला वळसा घालून ऐनाच्या एका मोठ्या झाडाशी यायची आणि तिथून वर झऱ्याच्या कातळावर. कातळावर बसलं की खाली सगळं मुलुंड, त्यापलीकडे मिठागरं आणि हवा स्वच्छ असेल तर खाडीची चकाकती रेघ. अर्ध्या तासाची चढण, पण वर पोचल्यावर खालचे हॉर्न कुणा दुसऱ्याच गावातले वाटायचे.

ती वाट माझ्या आईची होती. म्हणजे तिच्या मालकीची नव्हे, पण तिच्याशिवाय त्या वाटेचा विचार करता येत नव्हता. आई कणकवलीकडच्या एका आडगावातली. लग्न होऊन लालबागच्या खोलीत आली, बाबांची गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला आली, पालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्मभर राबली. निवृत्त झाली आणि वर्षभरात बाबा गेले. त्यानंतर बरेच दिवस ती नुसती बसून असायची. टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. मग एका सकाळी शेजारच्या मंदाकाकूंनी तिला ओढूनच भगदाडातून वर नेलं. परत आली तेव्हा पदराला कुसळं चिकटलेली होती आणि हातात कसलासा पाला होता.

"सुमे, हो बघ," ती मला म्हणाली, "आमच्या घराच्या मागे ह्याच झाड होता."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. ते मी विसरले नाही. म्हणून पुढे काय काय झालं तरी त्या वाटेबद्दल मला कधी नुसता राग धरता आला नाही.

मग ती रोज जाऊ लागली. उजाडलं की दोघी निघायच्या. आईचा स्वभाव असा, की चांगलं काही सापडलं की एकटीने खायचं नाही. हळूहळू तिने अर्धी सोसायटी वर नेली. नव्या सुना, साखर वाढलेले काका, परीक्षेने भेदरलेली मुलं. कुणी वाटेत वेफर्सचं पाकीट टाकलं तर ती त्याला परत पाठवून उचलायला लावायची. "रान काय तुज्या बापाशीचा न्हाणीघर हा?" असं भर वाटेवर विचारायची. लोक हसायचे आणि पाकीट उचलायचे.

त्या हिवाळ्यात आमच्याच इमारतीतल्या निनादने एक व्हिडिओ काढला. निनाद पक्ष्यांचे फोटो काढायचा. मुलगा सरळ. ऐनाच्या वरच्या अंगाला खडकांची एक कपार आहे, तिच्या तोंडाशी बिबट्याची दोन पिल्लं एकमेकांचं शेपूट ओढत होती. एवढंच होतं त्या व्हिडिओत. त्याने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आपले नवे शेजारी'. आम्ही सगळ्यांनी बघितला. मीसुद्धा कामावर, लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत चार मैत्रिणींना दाखवला. इतकी गोड होती ती पिल्लं.

त्या आठवड्यात भगदाडापाशी रांगा दिसायला लागल्या. भांडुपहून, घाटकोपरहून, कुठून कुठून माणसं यायची. लांबलचक लेन्सवाले, सेल्फीवाले, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. कुणी स्पीकर लावून चढायचं, कुणी मादी बाहेर यावी म्हणून कपारीकडे खडे मारायचं. एका सकाळी मंदाकाकू घाबऱ्याघुबऱ्या परत आल्या. वाटेच्या कडेला कुणीतरी जिवंत कोंबडी बांधून ठेवली होती, फोटोसाठी. आईने ती सोडवून आणली. कोंबडी काखेत घेऊन ती आमच्या दारात उभी होती आणि बांधणाऱ्याला शिव्या घालत होती.

दुसरीकडे ग्रुपवर निराळीच धांदल. एकजण लिहायचा, पिंजरा लावा, आमची मुलं खाली खेळतात. दुसरा लिहायचा, तुम्ही जंगलात घर घेतलंत, बिबट्या तुमच्या घरात नाही आला. तिसरा दोघांनाही हात जोडलेलं चित्र पाठवायचा. मी रोज ते सगळं वाचायची, आणि दोन्ही बाजू मला माझ्याच वाटायच्या. खेळणाऱ्या मुलांकडे बघितलं की पिंजरा यावा वाटायचं. व्हिडिओ परत बघितला की पिंजऱ्याच्या विचारानेच कसंतरी व्हायचं.

सेक्रेटरींनी शेवटी मीटिंग बोलावली. वनखात्याकडून एक वनरक्षक आली होती. तिशीच्या आतबाहेरची, खाकी शर्ट, डोळ्यांखाली जागरणाची काळोखी. तिचं नाव शीतल. ती म्हणाली, "पिंजरा लावून या मादीला नेलं तर पिल्लं मरतील. आणि ही जागा रिकामी राहणार नाही, दुसरा येईल. तो कसा असेल ते मला सांगता येणार नाही. ही निदान इतकी वर्षं इथं राहून कुणाच्या वाटेला गेलेली नाही."

"मग गॅरंटी द्या," मागून कुणीतरी ओरडलं.

"गॅरंटी कशी देऊ, सर?" ती म्हणाली. "मला एवढंच माहीत आहे, की पिल्लांपाशी माणसं जात राहिली तर काहीतरी वाईट होणार. माणसाचं किंवा तिचं. पिल्लं मोठी होईपर्यंत ही वाट बंद ठेवा. एवढं करा."

आई उठून उभी राहिली. मला वाटलं ती हो म्हणेल. कोंबडी बांधणाऱ्यांना शिव्या देणारी तीच होती.

"वाट बंद करून काय होतला?" ती म्हणाली. तापली की तिची भाषा सरळ गावाला जायची. "आज ह्या लोकांका रान दाखवूचा नाय, आणि उद्या थंय टॉवर बांदूक कोण इलो, तर बोंब कोण मारतलो? ज्येनी बगलाच नाय, तो कित्याक मारीत? वाईट माणसांका अडवा. आमका कित्याक अडवतास?"

शीतलने मान हलवली. "आजी, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण तिला तुम्ही आणि कोंबडी बांधणारा यातला फरक कसा कळणार?"

आई खाली बसली. त्या संध्याकाळी भगदाडावर पत्रा ठोकला आणि त्यावर सूचना लावली.

पुढचे दिवस आईने कसे काढले ते मी बघत होते. सकाळी उठून ती तयार व्हायची, बूट घालायची आणि सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरायची. मंदाकाकू तिच्याबरोबर बोलत राहायच्या. आईचं लक्ष पत्र्याकडे. जेवण पुन्हा कमी झालं. टीव्ही पुन्हा मुका झाला. मी तिला म्हटलं, "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे गं." ती म्हणाली, "माज्या वयाक दोन-तीन म्हयने म्हणजे काय, ता तुका म्हातारी झाल्यावर कळतला." मला तिची भीती वाटायची आणि तिच्यासाठी भीती वाटायची. शिवाय एक तिसरी भीती होती, तिच्यामुळे त्या डोंगरावरच्या, पिल्लांच्या आईला काही होईल याची.

आणि मग ती सकाळ. मी लॅबला जायला निघाले होते. डबा भरला, आईला हाक मारली, उत्तर नाही. मंदाकाकूंचं दार वाजवलं. त्या केस विंचरत होत्या. "माझ्याकडे नाही आली आज," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी खिडकीतून भिंतीकडे बघितलं. पत्र्याचा एक कोपरा वाकवलेला होता.

मी निनादला फोन लावला आणि तशीच वाकून पलीकडे गेले. मंदाकाकू मागून येत होत्या, श्वास लागला तरी थांबत नव्हत्या. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि दर पावलाला करकर वाजत होतं. एरवी त्या वाटेवर सातभाई पक्ष्यांची कचकच चालू असायची. त्या दिवशी काही नव्हतं. मी मोठ्याने हाक मारायला घाबरत होते आणि न मारायलाही घाबरत होते.

कारवीच्या वळणावर टण् टण् असा आवाज ऐकू आला. ऐनाच्या बुंध्याला टेकून आई बसली होती आणि स्टीलची बाटली दगडावर आपटत होती. साडी गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली, कोपर फुटून रक्त आलेलं. उजवा पाय भलत्याच कोनात.

"पळत येव नको," ती हळूच म्हणाली. "सावकाश ये. ती थंय आसा."

तिने बोट दाखवलं नाही, नुसते डोळे कारवीकडे वळवले. मला तिथे काही दिसलं नाही. वाळलेल्या काटक्या आणि त्यांच्यात अडकलेलं ऊन. पण मग त्या जाळीतून एक गुरगुर आली, इतकी खोल, की ती कानांपेक्षा छातीत जास्त कळली. मंदाकाकूंनी माझा दंड धरला. त्यांची नखं रुतत होती.

आम्ही आईला काखेत हात घालून उठवलं. पाठ न फिरवता, एक एक पाऊल मागे सरकत. आई दात घट्ट आवळून होती, पण कण्हली नाही. वळणाच्या खाली निनाद आणि वॉचमन प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत येताना दिसले. तिला खुर्चीत बसवलं.

"कशाला गेलीस?" मी ओरडले. "कशाला गं?"

"बगूक," ती म्हणाली. "कोण परत कोंबडी बांदून गेलो काय, ता बगूक." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "आणि माका जावचाच होता. खोटा कित्याक सांगू?"

रिक्षात तिने स्वतःच्या घोट्यावरून हात फिरवला. "मोडलो," म्हणाली, जशी दवाखान्यात दुसऱ्या कुणाचा पाय बघत असावी तशी. मग माझा हात धरून म्हणाली, "सुमे, न्हाणीत पडलंय म्हणान सांग सगळ्यांका. नायतर तिका पिंजऱ्यात घालतीत."

काय सांगायचं ते ठरायच्या आतच माझा फोन थरथरायला लागला. वॉचमनने रक्त बघितलं होतं. त्याने एकाला सांगितलं, एकाने दहांना. आम्ही एक्स-रेच्या रांगेत होतो तेव्हा ग्रुपवर आलं, 'बिबट्याचा वृद्धेवर हल्ला'. तासाभरात ते शेजारच्या सोसायट्यांत गेलं. कुणीतरी आईचं वय वाढवलं, कुणीतरी तिला आयसीयूत टाकलं. दुपारी सेक्रेटरींचा फोन आला, गेटवर कॅमेरा घेऊन माणसं आली आहेत, पिंजऱ्यासाठी सह्या चालू आहेत.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. प्लास्टर ओलं होतं, इंजेक्शनने डोळे जड झाले होते. मला म्हणाली, "ता बटन दाब, बोलूचा." आणि ग्रुपवर तिचा आवाज गेला:

"मी सुमनची आई बोलतंय. मी मरूक नाय. माका वागान काय्येक करूक नाय. माका दगडान पाडल्यान. बंद वाटेन मी चोरून गेललंय, चूक माजी. मी तिच्या पोरांच्या दारात पडलंय आणि तिना माका हात लावूक नाय. मी तिच्या जाग्यार असतंय तर सोडूक नसतंय. सही करूची तर माज्या नावान करा."

मग बऱ्याच शिव्या आल्या, सभ्य भाषेतल्या. त्या आईला पडायलाच हव्या होत्या, आणि तिने त्या सगळ्या माझ्याकडून वाचून घेतल्या. पण सह्यांचं काम तिथेच थांबलं. गेटवरची माणसंही संध्याकाळपर्यंत निघून गेली.

काही दिवसांनी शीतल घरी आली. आई तिच्या रागावण्याची वाट बघत बसली होती. ती रागावली नाही. चहा घेतला, बूट काढून पाय जरा लांब केले. मग म्हणाली, "आजी, कपार रिकामी आहे. तुम्ही पडलात त्याच दिवशी तिनं पिल्लं हलवली."

आईचा चेहरा उतरला. "माज्यामुळे?"

"माहीत नाही," शीतल म्हणाली. "रोज चाललेल्या त्या गर्दीमुळे असेल. तुमच्यामुळे असेल. तशाही त्या जागा बदलतात. मला खरंच माहीत नाही."

ते 'माहीत नाही' आमच्या घरात बरेच दिवस राहिलं. आईने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. पाय खुर्चीवर ठेवून ती डोंगराकडे बघायची. डोंगरावर सावरीची झाडं फुलली, खालून लाल ठिपके दिसायला लागले, तेव्हा शीतलने फोनवर एक फोटो दाखवला. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात आलेला, काळापांढरा. मादी चालली होती, तिच्या मागे एक पिल्लू.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "दुसरा खंय?"

"फोटोत एवढंच आलंय," शीतल म्हणाली. आईने फोन बराच वेळ परत दिला नाही. नर्स असताना किती बायकांच्या हातून गेलेलं मूल तिने सोडवून घेतलं असेल. त्या दिवशी तिच्या हातातला फोन मला सोडवून घ्यावा लागला.

त्यानंतर सेक्रेटरींना, निनादला आणि शीतलला समोर बसवून तिनेच विषय काढला. पत्रा नको, तो कुणीही वाकवतो, तिनेच वाकवला होता. दार हवं. कुलूपवालं. वनखात्याने सांगितलं तर महिनोन्‌महिने बंद. उघडं असेल तेव्हा चांगलं उजाडल्यावर, थोडीच माणसं, सोबतीला माहितीचं कुणीतरी, आणि ऐनाच्या पुढे कुणी नाही. झऱ्याचा कातळ सोडून द्यायचा. कातळ सोडायचं ती म्हणाली तेव्हा मंदाकाकूंनी तिच्याकडे चमकून बघितलं. तिची सगळ्यात आवडती जागा ती. सगळ्यांना ते पटलं असं नाही. अजूनही दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत. एकाला वाटतं आम्ही बिबट्याचे लाड केले, दुसऱ्याला वाटतं आम्ही जंगलाला दार बसवलं. रिकाम्या वेळी मला दोघांचंही पटतं. आईचा पाय सांधला पण चढण तिला पुन्हा जमली नाही. आता रविवारी सोबतीला मी जाते. तिने शिकवलेली झाडांची मालवणी नावं मी लोकांना सांगते, आणि बोलत असताना अर्धं लक्ष झाडीत असतं.

गेल्या रविवारी घाटकोपरहून एक मुलगी तिच्या वडिलांना घेऊन आली होती. वडील सत्तरीचे, मेट्रोच्या कामाशेजारच्या, दिवसभर धूळ खाणाऱ्या गल्लीत राहणारे. पायात नवेकोरे कॅनव्हासचे बूट. सगळा जन्म मुंबईत काढला, जंगलात कधी पाऊल टाकलं नाही, असं ते स्वतःच हसत सांगत होते. दर झाडापाशी थांबायचे. सागाचं पान हातात घेऊन त्यांनी ते चुरगाळलं, बोटं लाल झाली, तर मुलीला बोलावून दाखवलं. मला बरं वाटत होतं. अशा माणसासाठीच हे दार उघडं ठेवायचं, असं मनात येत होतं.

निम्म्या वाटेवर वरच्या झाडांमधून वानर ओरडलं. खॉक्. मग आणखी एक. बिबट्या दिसला की वानरं अशीच ओरडतात. फांद्या हलल्या, सगळी टोळी एकाच दिशेला बघत होती, आमच्या वाटेच्या पुढच्या वळणाकडे.

"इथून परत फिरायचं," मी म्हणाले.

"अहो, असं काय?" मुलगी म्हणाली. "एवढ्या लांबून आलोय. पुढच्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन आहे, परत कधी जमणार?"

"मला भीती नाय वाटत," वडील म्हणाले. "या वयात काय व्हायचंय माझं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "काका, भीती फक्त तुमची नाही," मी म्हणाले. "पुढे कुणीतरी आहे. आपण गेलो तर त्याला उठावं लागेल."

त्यांनी वळणाकडे बघितलं. दिसण्यासारखं काही नव्हतं, ऊन आणि पानं. वानर पुन्हा खॉकलं. ते तसेच उभे राहिले, ऐकत. मुलगी माझ्यावर चिडलेली दिसत होती आणि तिचं काही चुकत नव्हतं.

"आहे म्हणजे, खरंच आहे?" ते कुजबुजत म्हणाले.

"असावं."

"मग बसू दे त्याला," ते म्हणाले आणि वळले.

उतरताना ते पुढे होते, मी मागे. दर थोड्या वेळाने मी मान वळवून वाटेकडे बघत होते. दारापाशी आल्यावर मी कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं. त्यांनी बुटांवरची माती झटकली नाही. मला विचारलं, "आता कधी येऊ?"

"पुढच्या रविवारी या," मी म्हणाले. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तेव्हा मी त्यांना वर नेऊ शकेन की नाही, ते काही माझ्या हातात नव्हतं.